खेळाचे मैदान आणि वैराचा बाजार

(भंडारा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. शाळेच्या आवारात किंवा रिकाम्या बांधीत मैदान आखले जाते, आजूबाजूच्या गावांचे संघ येतात आणि कडाक्याच्या थंडीत रात्री उशिरापर्यंत माणसे उभ्याने सामने पाहतात. चुरस असते, आरडाओरडा असतो, क्वचित भांडणही होते. परंतु दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या आणि हरलेल्या गावांची माणसे एकाच आठवडी बाजारात भेटतात. हरलेल्या संघातील एखाद्या मुलाने पैसे घेतले असतील, किंवा त्याची निष्ठा पलीकडच्या गावाशी असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

याच गावांत भारत आणि पाकिस्तान यांच्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी मात्र वेगळीच हवा असते. सामन्याच्या आठ दिवस आधीपासून वाहिन्यांवरून रणभूमीची भाषा सुरू होते. सामना संपल्यावर कोणाच्या घरात टाळ्या वाजल्या आणि कोणाच्या घरात शांतता होती, याची चौकशी होते. खेळ तोच, माणसेही तीच. मग मधल्या अंतरात असे काय घडते की स्पर्धेचे वैर होते आणि वैराचा संशय शेजाऱ्यावर येऊन पडतो?

‘खेळात राजकारण आणू नका’ हे या प्रश्नाचे ठरीव उत्तर आहे. ते ऐकायला सात्त्विक वाटते, पण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धा जेव्हापासून राष्ट्रांच्या नावाने भरू लागल्या, तेव्हापासून त्यांत राजकारण आहेच. खरा प्रश्न ते राजकारण कोणाचे, त्याची किंमत कोण मोजतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा आहे.

बर्लिनचा धडा

या प्रश्नाचा आरंभ विदर्भाच्याच एका आठवणीपासून करता येईल. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि तेथे त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. कबड्डीची जगाला झालेली ही पहिली मोठी ओळख मानली जाते. परतंत्र देशातील, तेही वऱ्हाडासारख्या आडबाजूच्या प्रांतातील तरुणांना आपला देशी खेळ जगापुढे मांडावासा वाटला, यात गैर काहीच नव्हते. पारतंत्र्यात पिचणाऱ्या समाजाला अशा मान्यतेची भूक असतेच.

परंतु ज्या यजमानाने ही मान्यता दिली, त्याचा हिशेब निराळा होता. हिटलरची सत्ता येऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे १९३५ मध्येच झालेले होते. स्पर्धांच्या काळापुरत्या ज्यूविरोधी पाट्या रस्त्यांवरून उतरविण्यात आल्या आणि पाहुण्यांना एक शिस्तबद्ध, प्रसन्न जर्मनी दाखविण्यात आली. ऑलिंपियाहून मशाल पळवीत आणण्याची प्रथा, जी आज प्राचीन वाटते, ती त्याच स्पर्धांत सुरू झाली. दूरचित्रवाणीवरून स्पर्धा दाखविण्याचा पहिला प्रयोगही बर्लिनमधलाच. लेनी रीफेनस्टाल यांच्या चित्रपटाने त्या स्पर्धांची भव्यता पुढे देशोदेशी पोहोचविली. म्हणजे राष्ट्राचा डौल, प्रतिस्पर्ध्याला नमविण्याची ईर्षा आणि ते सर्व घराघरांत पोहोचविणारे प्रचारयंत्र या तीन गोष्टींची सांगड प्रथम त्या मैदानावर पक्की झाली.

त्याच स्पर्धांत ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. तो दिवस १५ ऑगस्ट १९३६ चा. अधिकृतपणे तो संघ ब्रिटिश साम्राज्याच्या वसाहतीचा होता. पण सामन्याआधी खेळाडूंनी खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले, हे ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या वंदनाचे चित्रीकरण झाले नाही की प्रक्षेपण झाले नाही. तेही राजकारणच होते. पण ते स्वातंत्र्य मागणाऱ्यांचे होते, दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावणाऱ्यांचे नव्हते.

समाजवादी चळवळीने त्या काळी निराळी वाट काढण्याचा प्रयत्न केला होता, याचे स्मरण आज फारसे उरलेले नाही. १९२५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे आणि १९३१ मध्ये व्हिएन्ना येथे कामगारांची ऑलिंपिक भरली. राष्ट्राराष्ट्रांच्या झुंजीऐवजी कामगारांचे बंधुत्व हा त्या मेळाव्यांचा आधार होता. बर्लिनला पर्याय म्हणून जुलै १९३६ मध्ये बार्सिलोना येथे लोक-ऑलिंपिक भरविण्याचे ठरले होते. देशोदेशीचे खेळाडू तेथे पोहोचलेही. पण ऐन तोंडावर स्पेनमध्ये फ्रँकोचे बंड उसळले आणि स्पर्धा होऊ शकली नाही. काही खेळाडू तेथेच राहून प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. युद्धानंतर ही परंपरा जवळपास संपली. पुढे ज्या राजवटी स्वतःला समाजवादी म्हणवीत होत्या, त्यांनीही पदकांच्याच शर्यतीत उडी घेतली. पूर्व जर्मनीने तर सरकारी यंत्रणेमार्फत कोवळ्या वयाच्या खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये दिली. समाजवाद्यांनी ही चूकही तितक्याच स्पष्टपणे मान्य केली पाहिजे.

बहिष्काराची कसोटी

मग राजकीय कारणासाठी सामना नाकारणे कधीच योग्य नसते काय? असते, आणि त्याचे उदाहरण भारतानेच घालून दिले आहे.

१९७४ साली भारताच्या टेनिस संघाने डेव्हिस चषक स्पर्धेत कमालीची मजल मारली. विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू भरात होते. भारताने ऑस्ट्रेलियाला हरविले आणि नंतर पुण्यात सोव्हिएत संघाचा पराभव करून अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीत प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेदी राजवटीच्या संघाशी खेळावयाचे नाही, असा निर्णय भारताने घेतला. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. त्यानंतर १९८७ मध्ये भारत पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला; पण स्वीडनकडून हरला. आजतागायत तो चषक भारताला मिळालेला नाही. खेळाडूंच्या आयुष्यातील ती संधी कायमची गेली, आणि तिची खंत त्यांनी नंतर बोलूनही दाखविली.

या निर्णयाची तीन लक्षणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले, ज्याने बहिष्कार घातला त्याने त्याची किंमत स्वतः मोजली. १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा देश पुढे चषकही सोडतो, यात एक सुसंगती होती. व्यापार चालू ठेवून केवळ मैदानावर बाणेदारपणा दाखविण्याचा तो प्रकार नव्हता. दुसरे, ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच ही मागणी केलेली होती. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते जगाला सांगत होते की, आमच्या देशाच्या गोऱ्या संघांशी खेळू नका. तिसरे, या बहिष्काराला शेवट होता. वर्णभेद संपेल त्या दिवशी बहिष्कारही संपेल, हे सर्वांना ठाऊक होते. तसेच झाले. वर्णभेदाचे कायदे मोडीत निघू लागताच नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ पुनरागमनाचा पहिला सामना खेळला तो कलकत्त्यात, भारताविरुद्ध. आणि प्रेक्षकांनी त्याचे प्रचंड स्वागत केले. तो देश भारताचा शत्रू कधीच नव्हता. विरोध राजवटीला होता, माणसांना नव्हता.

ही कसोटी लावली की इतर बहिष्कारांची पारख आपोआप होते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेने व तिच्या अनेक मित्रराष्ट्रांनी १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. त्याच कारणासाठी अमेरिकेने सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर घातलेली बंदी १९८१ मध्ये उठविली गेली, कारण अमेरिकी शेतकऱ्याचे नुकसान होत होते. धावपटूचे नुकसान झालेले मात्र कोणी भरून दिले नाही. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसला न जाऊन परतफेड केली. या दोन्ही बहिष्कारांनी एकाही अफगाण खेड्याचे दुःख हलके झाले नाही.

आणि महाराष्ट्रात काय घडले? दक्षिण आफ्रिका परतण्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी रातोरात उखडण्यात आली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. त्या कृतीला ना शेवट होता, ना तीत उखडणाऱ्यांनी काही किंमत मोजली. मिळाली ती केवळ वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरची जागा.

रंगीत पडदा आणि सव्वानऊ रुपये

प्रसारमाध्यमांचा हा प्रभाव भारतात खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९८२ मध्ये. त्या वर्षी दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या आणि त्यांच्याच निमित्ताने दूरदर्शनवर रंग आले. देशाने प्रथमच स्वतःचा भव्य सोहळा रंगीत पाहिला. नवी मैदाने, उड्डाणपूल आणि खेळाडूंच्या निवासासाठी इमारती उभ्या राहिल्या.

या इमारती उभारणाऱ्या मजुरांची हकिकत पडद्यावर आली नाही. ती सर्वोच्च न्यायालयात आली. मजुरांना ठरलेली किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती. त्यांतील रुपया जमादार कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने ही गोष्ट न्यायालयापुढे नेली. न्यायमूर्ती भगवती यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय. कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच असते. भारताच्या कामगार कायद्याला मिळालेले हे फार मोठे तत्त्व आहे. राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा सोहळा चालू असताना राष्ट्रातील सर्वांत गरीब माणसाचा एक रुपया कापला जात होता, हे त्या निर्णयाने कागदावर आणले.

त्याच स्पर्धेत १ डिसेंबरला हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरविले. तो पराभव लोकांनी घराघरांत डोळ्यांनी पाहिला. सात गोल होताना पडद्यावर वारंवार दिसला तो गोलरक्षक, मीररंजन नेगी. त्याने लाच घेतली, देश विकला, अशा अफवा उठल्या आणि कित्येक वर्षे त्याला तोंड लपवून राहावे लागले. पुरावा कधीच पुढे आला नाही. हाच नेगी पुढे महिला संघाला गोलरक्षणाचे धडे देऊ लागला आणि २००२ मध्ये त्या संघाने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. परंतु ज्यांनी त्याला देशद्रोही म्हटले होते, त्यांच्यापैकी कोणी माफी मागितल्याचे ऐकिवात नाही.

टंचाईचा व्यापार

यानंतरचा प्रवास राजकारणापेक्षा अर्थकारणाचा अधिक आहे. १९८३ मध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा नियामक मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस देण्यापुरतेही पैसे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. त्याच मंडळाने २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या वाटपयोग्य उत्पन्नापैकीही सुमारे ३८.५ टक्के हिस्सा २०२४ ते २०२७ या काळासाठी भारताच्या मंडळाच्या वाट्याला आला आहे.

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना घडली. १९९३ च्या हिरो चषकाचे प्रक्षेपण कोणी करावे, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निर्णय दिला की, वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी आणि सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी त्यांना मान्य नव्हती. परंतु खाजगी मक्तेदारी तर त्याहून घातक ठरेल, असा इशारा त्या निर्णयात होता. सरकारची मक्तेदारी गेली. इशाऱ्याचा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला गेला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावे लागते, एवढाच त्याचा अवशेष उरला.

आता या पार्श्वभूमीवर भारत-पाकिस्तान सामन्यांकडे पाहावे. जानेवारी २०१३ नंतर या दोन देशांच्या पुरुष संघांत एकही द्विपक्षीय क्रिकेट मालिका झालेली नाही. मात्र बहुराष्ट्रीय स्पर्धांत ते पुनःपुन्हा समोरासमोर येतात, किंबहुना त्यांना आणले जाते. अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक नियम असा की, मागणी असलेल्या मालाचा पुरवठा आवळला की त्याची किंमत चढते. दोन्ही देश दरवर्षी सहज खेळत असते तर तो सामना इतर सामन्यांसारखाच एक झाला असता. मालिका बंद असल्यामुळे तो दुर्मिळ झाला, आणि वैरामुळे त्याची मागणी वाढली. ज्यांच्या हाती प्रक्षेपणाचे हक्क आहेत त्यांच्यासाठी वैर हे भांडवल झाले. ते आटू नये यातच त्यांचा लाभ आहे.

२०२५ सालाने हे उघड करून दाखविले. २२ एप्रिलला पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत महाराष्ट्रातील ६ जण होते. मे महिन्यात दोन्ही देशांत लष्करी संघर्ष झाला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने धोरण जाहीर केले की, पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत मात्र खेळावयाचे. सप्टेंबरमध्ये आशिया चषक स्पर्धा झाली. १४, २१ आणि २८ सप्टेंबर अशा लागोपाठ तीन रविवारी भारत आणि पाकिस्तान खेळले. सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही. अंतिम सामना भारताने जिंकला. परंतु आशियाई परिषदेचे अध्यक्ष पाकिस्तानचे मंत्री असल्याने त्यांच्या हातून चषक घेतला नाही.

येथे १९७४ ची कसोटी लावावी. पहलगाममध्ये ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी हा सामना खेळूच नये असे जाहीरपणे सांगितले होते. त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही, कारण ते मानले असते तर प्रक्षेपणाचे उत्पन्न बुडाले असते. उत्पन्न घेतले गेले आणि हात मात्र मागे घेतला गेला. ही कृती कोणत्या अटीवर थांबेल, हेही कोणी सांगितले नाही. सामना नाकारणे ही एक भूमिका असू शकते. सामना खेळून प्रतिस्पर्धी खेळाडूला माणूस म्हणून वागविणे ही दुसरी भूमिका असू शकते. या दोहोंपैकी कोणतीही घेतली असती तर तिच्यावर सभ्यपणे वाद घालता आला असता. परंतु तीन रविवारांचे पैसे घ्यावयाचे आणि हस्तांदोलन नाकारून त्यावर राष्ट्रभक्तीचा मुलामा चढवावयाचा, याला भूमिका म्हणता येत नाही. यात खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. हा व्यवहार त्यांच्या डोक्यावरून ठरतो.

या व्यवहाराची खरी किंमत दुसरेच कोणी मोजतात. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरविले. अकराही खेळाडू हरले. शिव्यांचा भडिमार झाला तो मुख्यतः महंमद शमी या एकावर, त्याच्या धर्मावरून. कर्णधार विराट कोहली याने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, हे त्याला भूषणावह आहे. परंतु भंडारा, तुमसर किंवा पवनीतील एखाद्या मोहल्ल्यातील मुलाची बाजू घ्यायला कोणी कर्णधार येत नाही. सामना लागला की आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे त्याला ओरडून सिद्ध करावे लागते. जे शेजाऱ्याच्या मुलाला आपसूक मिळते, ते त्याला दर सामन्याला नव्याने मिळवावे लागते. वाहिनीच्या ताळेबंदात या अपमानाची नोंद कोठेही होत नाही.

जकार्ताचा पराभव

राष्ट्रांच्या स्पर्धेला दुसरा अर्थ असू शकतो काय, याचे उत्तर महाराष्ट्रातील एका स्त्रीने दिले आहे. १९३६ मध्ये अमरावतीकरांनी बर्लिनला नेलेली कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत दाखल झाली. तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताचेच होते. महिलांची कबड्डी २०१० मध्ये आली. तीतही दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताचेच. २०१८ मध्ये जकार्ता येथे मात्र भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरविले. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

शैलजाताईंनी नाशिक भागात आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकविली. भारतीय महिला संघाला शिकविण्याची संधी त्यांना मिळाली नाही. निवृत्तीनंतर इराणचे बोलावणे आले आणि त्या गेल्या. परक्या भाषेच्या, परक्या चालीरीतींच्या, डोके झाकून खेळणाऱ्या मुलींना त्यांनी तयार केले. योग आणि प्राणायामही शिकविला. पदकांच्या कोष्टकात ही भारताची हार आहे. परंतु ज्या खेळाला जगाने मान्यता द्यावी म्हणून अमरावतीचे तरुण बर्लिनला गेले होते, तो खेळ खरोखर जगाचा झाल्याची ही खूण नव्हे काय? जो खेळ एकच देश जिंकत राहतो, तो आंतरराष्ट्रीय म्हणविला जात नाही. शैलजाताईंनी देशाचे काही विकले नाही. देशाची विद्या परदेशातील मुलींना दिली. त्यांच्या देशाने त्यांच्या विद्येचा पुरेसा उपयोग का करून घेतला नाही, हा प्रश्न मात्र क्रीडासंघटनांना विचारलाच पाहिजे. त्या पराभवाला वाहिन्यांवर किती मिनिटे मिळाली आणि एखाद्या क्रिकेटपटूच्या दुखऱ्या बोटाला किती मिळतात, याची तुलना प्रत्येकाने स्वतः करून पाहावी.

मैदान कोणाचे?

शेवटी पुन्हा भंडाऱ्याकडे यावे लागते. खेळ म्हणजे करमणूक, किंवा लोकांना खऱ्या प्रश्नांपासून दूर नेणारी नशा, अशी समजूत करून समाजवादी कार्यकर्त्यांनी मैदानाकडे बहुधा पाठ फिरविली. परिणाम असा झाला की, मैदान इतरांच्या ताब्यात गेले. तरुण मुलगा जेथे मनापासून असतो तेथे कार्यकर्ता नसेल, तर तो मुलगा कार्यकर्त्याच्या सभेला का यावा?

कामे उघड आहेत आणि ती आवाक्यातील आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असले पाहिजे असे लिहिले आहे. मोहाडी, लाखनी, साकोली, लाखांदूर या तालुक्यांतील किती शाळांना ते आहे, किती मैदानांवर अतिक्रमण झाले आहे, आणि मुलींना तेथे खेळता येते किंवा नाही, याची पाहणी कार्यकर्त्यांनी करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. पहाटे पोलीस आणि सैन्य भरतीसाठी डांबरी रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलांना ट्रकच्या उजेडात धावावे लागते. त्यांच्यासाठी तालुक्याला एक मातीची धावपट्टी, ही मागणी कोणत्याही विश्वचषकापेक्षा राष्ट्रीय आहे.

दुसरे काम हिशेबाचे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडासंघटनांवर काही बंधने आली. पण माहितीचा अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरताच राहिला. राष्ट्राच्या नावाने संघ उतरविणारी आणि सार्वजनिक वायुलहरींवर उत्पन्न मिळविणारी प्रत्येक संघटना जनतेला जबाबदार असली पाहिजे, ही मागणी न्यायमूर्ती सावंत यांच्या निर्णयाशी सुसंगतच आहे. अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छा नोंदविली आहे. पुन्हा मैदाने बांधली जातील. भंडारा-गोंदियातून दरवर्षी मजूर कामाच्या शोधात बाहेर पडतात. त्यांचा रुपया पुन्हा जमादार कापणार असेल, तर १९८२ चा निर्णय हातात घेऊन उभे राहण्याची तयारी आतापासून हवी.

तिसरे काम सर्वांत साधे आणि सर्वांत अवघड आहे. पुढचा भारत-पाकिस्तान सामना ज्या दिवशी असेल, त्या दिवशी कार्यकर्त्याने घरात बसून राहू नये. चौकात किंवा समाजमंदिरात पडदा लावावा, सर्व मोहल्ल्यांतील मुलांना एकत्र बोलवावे आणि चांगल्या फटक्याला, तो कोणाच्याही बॅटमधून आलेला असो, टाळी वाजवावी. भारत जिंकला तर आनंद करावा. हरला तर सर्वांनी मिळून हळहळावे. कोणाच्या निष्ठेची चौकशी होऊ लागली, तर ती तेथल्या तेथे थांबवावी. कबड्डीच्या सामन्यात हरलेल्या गावाला या जिल्ह्यात जे वागविले जाते, तसेच हरलेल्या खेळाडूला आणि शेजाऱ्याला वागवावे, एवढेच सांगावे. ते या मुलांना समजेल, कारण ते त्यांनी आपल्या बांधीत पाहिलेले आहे.